मोकळी खोली, बंद कुलूप आणि विद्यार्थ्यांचे अ‍ॅप

दुपारी तीनच्या सुमारास एखाद्या महाविद्यालयाच्या इमारतीत फेरफटका मारल्यास दोन दृश्ये हमखास नजरेस पडतात. पहिल्या मजल्यावरील एका खोलीस कुलूप असते आणि खिडकीतून आतील रिकामे बाक दिसतात. त्याच मजल्याच्या जिन्यावर सात-आठ विद्यार्थी वह्या मांडीवर घेऊन गटाने अभ्यास करीत बसलेले असतात. कार्यालयात विचारणा केली तर 'खोल्या कमी पडतात' असे उत्तर मिळते, आणि ते खोटे असते असेही नाही.

हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु ज्या विद्यार्थ्याच्या घरी एकाच खोलीत पाच-सहा माणसे राहतात, किंवा जी विद्यार्थिनी सकाळच्या एस.टी.ने गावाहून येते आणि सायंकाळच्या गाडीने परतते, तिच्या दृष्टीने महाविद्यालयातील दोन तासांची शांत जागा ग्रंथालयातील पुस्तकाइतकीच मोलाची असते. ही जागा आज कोणास मिळते? बहुधा ज्याची कार्यालयात ओळख आहे, किंवा ज्यास प्राध्यापकांच्या दालनात जाऊन बोलण्याचा धीर आहे, त्यास. पहिल्या वर्षाचा बुजरा विद्यार्थी जिन्यावरच राहतो.

खोल्यांचे आरक्षण भ्रमणध्वनीवरून व्हावे, यासाठी अ‍ॅप तयार करणे हा विषय विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत वारंवार निवडला जातो. त्यास आता अभ्यासक्रमातही जागा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून व संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना लागू झाली, आणि तीत क्षेत्र प्रकल्प व सामाजिक सहभाग यांस श्रेयांक देण्यात आले आहेत. २०१७ साली सुरू झालेल्या 'स्मार्ट इंडिया हॅकेथॉन' या राष्ट्रीय स्पर्धेतही सहा विद्यार्थ्यांचे पथक, त्यात किमान एक विद्यार्थिनी, अशी अट घालून विद्यार्थ्यांकडून प्रत्यक्ष अडचणींवर उपाय मागविले जातात. तथापि, खोल्यांच्या आरक्षणाची कित्येक अ‍ॅपे परीक्षकांसमोर एकदा चालून दाखविली जातात आणि गुण पदरात पडले की विसरली जातात. त्यांत संगणकशास्त्राचे ज्ञान उणे असते असे नाही. पथकाने पडद्यावरील रंग आणि बटणे यांपासून आरंभ केलेला असतो, आणि खोली कोणाच्या हक्काची, हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो.

नोंदवहीत काय असते, काय नसते

बहुतेक महाविद्यालयांत खोल्यांची एक नोंदवही असते. तारीख, तास, खोलीचा क्रमांक, मागणी करणाऱ्याचे नाव व सही असे तिचे रकाने. विद्यार्थ्यांचे पथक ही वही पाहते, तिचे रकाने उतरून घेते आणि तेच अ‍ॅपमध्ये मांडते. येथेच पहिली चूक होते.

वहीत जे लिहिलेले नसते, त्यावरच खरा व्यवहार चाललेला असतो. एखादी खोली कागदोपत्री सर्वांची असली तरी एका विभागाने ती वर्षानुवर्षे आपली मानलेली असते, आणि त्या विभागप्रमुखांस विचारल्याविना ती कोणी मागत नाही. उपप्राचार्यांनी व्हरांड्यात चालता चालता दिलेली तोंडी परवानगी वहीत उमटत नाही. बारा क्रमांकाच्या खोलीतील पंखा बंद आहे, चौदा क्रमांकात पावसाळ्यात पाणी गळते, आणि सभागृहाची दुसरी किल्ली ग्रंथालयाच्या शिपायाकडे असते, ही सर्व माहिती एकट्या शिपायाच्या ध्यानात असते. अ‍ॅप आखणाऱ्या पथकाने ज्या व्यक्तीशी सर्वप्रथम बोलावयास हवे, ती व्यक्ती म्हणजे किल्ल्यांचा जुडगा सांभाळणारा शिपाई होय. तो बहुधा प्रकल्पाच्या अहवालात कोठेच नसतो.

बोलण्याचीही एक रीत आहे. 'असे अ‍ॅप आले तर आपण वापराल का?' हा प्रश्न निरुपयोगी आहे. समोर उभ्या असलेल्या मुलांचे मन मोडू नये म्हणून कोणीही 'अवश्य वापरू' असेच सांगेल. त्याऐवजी 'मागील वेळी खोली हवी होती तेव्हा काय काय केले, ते सांगा' असे विचारावे. मग कळते की एका विद्यार्थिनीने अर्ज लिहिला, तो वर्गशिक्षकांच्या सहीसाठी दोन दिवस थांबला, सही मिळाली तेव्हा लिपिक रजेवर होते, आणि अखेरीस वक्तृत्व स्पर्धेचा सराव मैदानाच्या कठड्यावर झाला. अशा दहा-बारा हकिकती ऐकल्या की अडचण कोठे आहे हे पथकास आपोआप उमगते. या कामी कला शाखेचे विद्यार्थी विशेष उपयोगी पडतात. ऐकून घेणे, माणसाने जे सांगितले त्यापेक्षा जे टाळले ते ओळखणे, आणि ते स्वच्छ मराठीत लिहून काढणे, ही कौशल्ये आज्ञावली लिहिण्याइतकीच या प्रकल्पास लागतात. नव्या रचनेत निरनिराळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांस एकत्र आणणे सोपे झाले आहे, त्याचा लाभ येथे घेता येईल.

रिकामी म्हणजे किती रिकामी?

'खोल्या कमी आहेत' आणि 'खोल्या रिकाम्या आहेत' ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असू शकतात, हे मोजणी केल्याशिवाय समजत नाही. जागेच्या वापराची मोजणी करण्याची एक सर्वमान्य पद्धत आहे. खोली आठवड्यातील किती तास वापरात होती हे पाहावे, ती वापरात असताना तिच्यातील किती जागा भरलेल्या होत्या हे पाहावे, आणि या दोन प्रमाणांचा गुणाकार करावा.

उदाहरणादाखल, एक साठ आसनांची खोली आठवड्यातील ४० तासांपैकी २५ तास वापरली जाते असे समजू. हे प्रमाण ६२.५ टक्के झाले. त्या २५ तासांत सरासरी ३० विद्यार्थी बसत असतील तर आसनांचा वापर ५० टक्के होतो. दोहोंचा गुणाकार सुमारे ३१ टक्के येतो. म्हणजे वेळापत्रकात निम्म्याहून अधिक भरलेली दिसणारी ही खोली प्रत्यक्षात एक तृतीयांशापेक्षाही कमी वापरली जाते. तीस विद्यार्थ्यांचा तास साठांच्या खोलीत आणि पंचावन्नांचा तास चाळिसांच्या खोलीत, असा प्रकार मोजणीत वारंवार आढळू शकतो. खोल्यांची अदलाबदल केली तर अ‍ॅपविनाही काही जागा मोकळी होईल, हे पथकाने प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

नव्या अभ्यासक्रमाने हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा केला आहे, हेही नमूद करणे आवश्यक आहे. पूर्वी एक तुकडी एका खोलीत बसे आणि प्राध्यापक येत-जात. आता मुख्य विषय, दुय्यम विषय, खुले वैकल्पिक विषय अशा निवडीमुळे विद्यार्थीच तासागणिक खोली बदलतात आणि तुकड्या लहानमोठ्या होतात. वेळापत्रक लावणाऱ्या प्राध्यापकांची जुलै महिन्यातील तारांबळ त्यांच्या घरच्यांनाही ठाऊक असते!

मोजणीसाठी दोन आठवडे पुरेत. मात्र ते परीक्षेचे, गणेशोत्सवाचे किंवा स्नेहसंमेलनाचे नसावेत. दर तासाला एकाने प्रत्येक खोलीत डोकावून संख्या लिहावी. या कंटाळवाण्या कामास सहसा कोणी तयार होत नाही. परंतु पुढे प्राचार्यांसमोर बसताना पथकाच्या हाती हाच एक भक्कम कागद असतो.

कागदावरचे अ‍ॅप

यानंतर आराखड्याकडे वळावे. संगणकाकडे मात्र अद्याप नाही. भ्रमणध्वनीच्या आकाराचे कागद कापावेत आणि प्रत्येकावर पेन्सिलीने एक पडदा रेखाटावा. एका विद्यार्थ्याने 'संगणक' व्हावे. समोरच्या व्यक्तीने कागदावरील बटणावर बोट ठेवले की त्याने पुढचा कागद समोर सरकवावा. हा प्रकार पोरखेळ वाटतो. पण जी चूक कागदावर खोडरबराने पुसता येते, तीच आज्ञावली लिहून झाल्यावर दुरुस्त करण्यास आठवडा लागतो.

अशी चाचणी किती जणांवर घ्यावी? याकोब नीलसन व थॉमस लँडॉवर यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचे गणित मांडले आहे. एक व्यक्ती आराखड्यातील सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करते असे धरल्यास पाच व्यक्तींच्या चाचणीत सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात. त्यापुढे त्याच त्या चुका पुन्हा दिसू लागतात. तथापि, पाच जण म्हणजे पथकाचे पाच मित्र नव्हेत. विद्यार्थी, प्राध्यापक आणि कार्यालयीन कर्मचारी यांचे काम भिन्न असल्याने प्रत्येक वर्गातील काही जणांची चाचणी स्वतंत्रपणे घ्यावी लागते. चाचणी चालू असताना पथकाने तोंड बंद ठेवावे, हा नियम सर्वांत कठीण. समोरची व्यक्ती चुकीच्या बटणावर बोट नेऊ लागली की तरुण मंडळींना राहवत नाही आणि ती 'तिथे नाही, इथे' असे सांगून मोकळी होतात. पुढे अ‍ॅप वापरताना शेजारी असे सांगणारा कोणी नसतो.

एका खोलीवर दोन हक्क

आता या कामातील तांत्रिक गाभ्याकडे येऊ. आरक्षणाच्या कोणत्याही व्यवस्थेचा मूळ शत्रू एकच: एकच वस्तू दोघांना दिली जाणे. रेल्वेचे संगणकीकृत आरक्षण १९८५ साली नवी दिल्ली येथे सुरू झाले. त्यापूर्वी ज्या खिडकीवर ज्या गाडीची वही असे, त्याच खिडकीसमोर रांग लावावी लागे. ही व्यवस्था गैरसोयीची होती खरी, पण वही एकच आणि ती लिहिणारा हात एकच असल्याने दोघे एकाच वेळी एकाच आसनावर नाव लिहू शकत नसत. खिडक्या अनेक झाल्या आणि वही सर्वांसाठी एकाच वेळी खुली झाली, तेव्हा हा प्रश्न संगणकास सोडवावा लागला.

महाविद्यालयाच्या अ‍ॅपमध्ये तोच प्रश्न लहान प्रमाणावर उभा राहतो. समजा, नाट्यमंडळाचा प्रतिनिधी आणि विज्ञान मंडळाची प्रतिनिधी एकाच क्षणी आठ क्रमांकाची खोली मागतात. संगणक प्रथम पाहतो की खोली मोकळी आहे का. दोघांसही 'होय' असे उत्तर मिळते. मग तो नोंद करतो, दोघांचीही होते. पाहणे आणि लिहिणे यांच्यामध्ये निमिषभराचे अंतर राहिले, आणि तेवढ्यात घोटाळा झाला. चाचणीच्या वेळी पथकातील एकच विद्यार्थी एकच भ्रमणध्वनी वापरीत असल्याने हा दोष दिसत नाही. स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या की पहिल्याच दिवशी दोन गट एका दारासमोर उभे राहतात.

यावर उपाय असा की, पाहणे व लिहिणे ही दोन्ही कामे एका अविभाज्य व्यवहारात बांधावीत. बँकेत एका खात्यातून वजा आणि दुसऱ्यात जमा ही दोन्ही कामे एकत्र होतात किंवा एकही होत नाही, तसेच हे. याहून पक्का मार्ग म्हणजे माहितीच्या कोठारालाच नियम घालून देणे. 'पोस्टग्रेएसक्यूएल' या विनामूल्य उपलब्ध असलेल्या प्रणालीत २०१० पासून अशी सोय आहे की, एकाच खोलीवर एकमेकांवर चढणाऱ्या दोन वेळा लिहू पाहिल्यास ती दुसरी नोंद स्वतःच नाकारते. मग आज्ञावली लिहिणाऱ्याच्या हातून चूक झाली तरी खोली दोघांना जात नाही.

दोन वेळा एकमेकींवर चढतात हे ओळखण्याचा नियम सोपा आहे. पहिली वेळ दुसरी संपण्यापूर्वी सुरू होते आणि दुसरी वेळ पहिली संपण्यापूर्वी सुरू होते, या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तर टक्कर आहे. १० ते ११.३० आणि ११ ते १२ यांत टक्कर होते. १० ते ११ आणि ११ ते १२ यांत होत नाही. मात्र यंत्रास जे मान्य ते माणसास शक्य असेलच असे नाही. साठ जणांनी बाहेर पडून साठ जणांनी आत येण्यास काही मिनिटे जातातच. ती नियमात धरावीत.

वेळेच्या बाबतीत आणखी एक फसगत नवख्या पथकांची होते. भाड्याने घेतलेले संगणक बहुधा जागतिक प्रमाण वेळेवर चालतात आणि भारतीय वेळ त्यापुढे ५ तास ३० मिनिटे आहे. हे रूपांतर एका ठिकाणी राहून गेले की सकाळी दहाचा तास पहाटे साडेचारला लागलेला दिसतो. हा घोळ मध्यरात्री जागून काम करणाऱ्या पथकाच्या उशिरा ध्यानी येतो, कारण त्यांच्या डोळ्यांना तोवर कोणतीही वेळ अशक्य वाटेनाशी झालेली असते.

परीक्षा, मतदान आणि शनिवारची बैठक

महाविद्यालयाच्या खोल्या केवळ महाविद्यालयाच्या नसतात. विद्यापीठाच्या परीक्षा लागल्या की सर्व मोठ्या खोल्या केंद्राकडे जातात. रविवारी स्पर्धा परीक्षांचे केंद्र असते. निवडणुकीच्या कामासाठी जागा अधिग्रहित करण्याची तरतूद लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १६० मध्ये आहे, आणि २० नोव्हेंबर २०२४ रोजी झालेल्या विधानसभेच्या मतदानासारख्या प्रसंगी शाळा-महाविद्यालयांच्या खोल्यांत मतदान केंद्रे उभी राहतात. अशा वेळी महिनाभर आधी केलेले विद्यार्थ्याचे आरक्षण अर्थातच मागे पडते.

हे होणारच. परंतु ते कसे होते, याला महत्त्व आहे. अ‍ॅपमध्ये वरिष्ठ कार्यालयास अनेक खोल्या एकदम राखून ठेवता आल्या पाहिजेत, आणि त्याच क्षणी ज्यांची आरक्षणे बाधित झाली त्या प्रत्येकास कारणासह निरोप व शक्य असल्यास पर्यायी खोली मिळाली पाहिजे. पर्याय नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. नोंदवहीच्या जमान्यात हे दारावर आल्यानंतर कळे.

दर शनिवारी होणारी राष्ट्रीय सेवा योजनेची बैठक, दर बुधवारचा वाङ्मय मंडळाचा कार्यक्रम अशी पुनःपुन्हा येणारी आरक्षणे हा याच प्रकरणाचा दुसरा भाग. वर्षभरासाठी एकदाच नोंद केली की कामाचा व्याप वाचतो. पण मंडळ बंद पडले तरी खोली वर्षभर त्याच्या नावे अडकून राहते. सत्र संपताच अशी नोंद आपोआप संपावी आणि नव्याने मागावी लागावी, हे इष्ट.

आधी कोणास?

'जो प्रथम येईल त्यास' हा नियम न्याय्य वाटतो आणि आज्ञावलीत बसविण्यासही सोपा असतो. त्यामुळे बहुतेक पथके विचार न करता तोच स्वीकारतात. परंतु आरक्षण मध्यरात्री बारा वाजता खुले होत असेल तर ज्याच्याकडे वेगवान भ्रमणध्वनी आणि रात्रभर चालणारे इंटरनेट आहे, तोच प्रथम येणार. पहाटे शेतावर जाऊन मग महाविद्यालय गाठणाऱ्या मुलास उरलेसुरले मिळणार. ओळखीची जागा इंटरनेटच्या वेगाने घेतली, एवढाच काय तो बदल.

मराठी नाट्यव्यवसायास हा प्रश्न जुना आहे. चांगल्या नाट्यगृहांच्या शनिवार-रविवारच्या तारखा मिळविणे हे नाट्यसंस्थांच्या व्यवस्थापकांचे मोठे कसब मानले जाते, आणि हाती आलेल्या तारखांची आपसांत देवघेवही चालते. जेथे जागा थोड्या व मागणारे फार, तेथे तारीख ही नाण्यासारखी फिरू लागते. महाविद्यालयातही दोन-तीन उत्साही मंडळे सर्व चांगल्या वेळा आधीच अडवून ठेवतील आणि मग मित्रांना वाटतील, हे गृहीत धरून चालावे.

याला बांध घालण्याचे मार्ग आहेत. एका गटास आठवड्यात ठराविक तासच मिळावेत. खुले होण्याची वेळ मध्यरात्रीऐवजी दुपारी मधल्या सुटीत ठेवावी. फार मागणी असलेल्या वेळांसाठी दिवसभरात अर्ज घेऊन चिठ्ठ्या काढाव्यात. हे काम संगणक क्षणात आणि निःपक्षपातीपणे करतो. आरक्षण करून न येणाऱ्यांची खोली पंधरा मिनिटांनी मोकळी धरावी. मात्र दंडाचा सोस धरू नये. एस.टी. उशिरा आली म्हणून ज्या गटाची खोली गेली, त्याच गटावर पुढील महिन्याची बंदी येणे अन्यायाचे होईल. यांपैकी काय स्वीकारावे हे विद्यार्थ्यांच्या पथकाने ठरवायचे नसून प्राचार्यांनी, विद्यार्थी प्रतिनिधींशी बोलून, लेखी ठरवायचे आहे. पथकाने प्रश्न नेमका मांडावा आणि उत्तर मिळेपर्यंत पुढचे काम थांबवावे. असे थांबण्याचे धाडस क्वचितच दाखविले जाते, कारण सादरीकरणाची तारीख जवळ आलेली असते.

मंजुरीचाही विचार याच वेळी करावा. अभ्यासासाठी दोन तास खोली मागणाऱ्या गटास तीन सह्यांची आवश्यकता असावी काय? साध्या खोल्यांना मंजुरी नको, सभागृह व प्रयोगशाळा यांना हवी, आणि ठराविक मुदतीत उत्तर न आल्यास प्रकरण आपोआप वरिष्ठांकडे जावे, अशी विभागणी व्यवहार्य ठरते.

मराठी शब्द आणि स्वस्त भ्रमणध्वनी

अ‍ॅप मराठीत असावे याबद्दल दुमत नसावे. पण इंग्रजी आराखड्यावर मराठी शब्द चिकटविल्याने ते मराठी होत नाही. आरक्षण रद्द करण्याची सूचना हे याचे बोलके उदाहरण. पडद्यावर प्रश्न येतो, 'आरक्षण रद्द करायचे आहे का?' आणि खाली दोन बटणे असतात: 'ठीक' आणि 'रद्द करा'. आता 'रद्द करा' म्हणजे आरक्षण रद्द करा, की रद्द करण्याचा विचार रद्द करा? दोन्ही अर्थ निघतात, आणि भल्याभल्यांचे बोट चुकते. त्याऐवजी 'होय, खोली सोडा' आणि 'नको, खोली राहू द्या' अशी बटणे ठेवली की प्रश्नच उरत नाही.

देवनागरीस वर वेलांटी-मात्रांसाठी आणि खाली उकारांसाठी अधिक जागा लागते. रोमन अक्षरांच्या मापाने ओळी आखल्या तर उकार कापले जातात. शोधताना कोणी १२ हा आकडा देवनागरीत लिहील, कोणी इंग्रजीत. अ‍ॅपने दोन्ही ओळखावेत. खोल्यांना क्रमांकाखेरीज लोकांच्या तोंडची नावेही असतात, जसे 'जुनी प्रयोगशाळा' किंवा 'वरची मोठी खोली'. तीही शोधात सापडली पाहिजेत.

मोकळी खोली हिरवी आणि भरलेली तांबडी, एवढ्यावर विसंबणे चुकीचे आहे. तांबडा व हिरवा यांतील भेद न कळणारे विद्यार्थी असतात, विशेषतः मुलांमध्ये हे प्रमाण मुलींपेक्षा अधिक आढळते. रंगासोबत 'मोकळी' व 'भरलेली' हे शब्दही लिहावेत. जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या आकाराच्या अक्षरांत आणि पार्श्वभूमीत किमान ४.५ : १ इतका उजेडाचा फरक असावा, उन्हात भ्रमणध्वनी पाहणाऱ्या प्रत्येकास त्याचा फायदा होतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ लक्षात घेता, प्रत्येक खोलीच्या माहितीत उतार आहे का, उद्वाहक आहे का, दारापर्यंत किती पायऱ्या आहेत, हे नोंदविणे आवश्यक मानावे. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या विद्यार्थ्यास तिसऱ्या मजल्यावरील मोकळ्या खोलीचा काय उपयोग?

खर्चाचाही थोडा हिशेब पाहावा. अँड्रॉइडच्या दुकानात अ‍ॅप ठेवण्यासाठी एकदाच २५ डॉलर भरावे लागतात, तर अ‍ॅपलकडे दरवर्षी ९९ डॉलर. त्यापेक्षा ब्राउझरमध्ये उघडणारे संकेतस्थळ भ्रमणध्वनीच्या पडद्याला साजेसे बनविले तर दोन्ही खर्च टळतात, आणि ज्यांच्या भ्रमणध्वनीत आणखी एका अ‍ॅपसाठी जागा उरलेली नाही त्यांचीही सोय होते. पुष्कळ पथकांना हे कमीपणाचे वाटते. वाटू नये.

नाव कोणास दिसावे?

सायंकाळी पाच ते सात या वेळेत, दुसऱ्या मजल्यावरील टोकाच्या खोलीत, अमुक विद्यार्थिनी अभ्यासास बसणार आहे, ही माहिती तिच्या भ्रमणध्वनी क्रमांकासह सर्व महाविद्यालयास दिसणे धोक्याचे आहे. नोंदवहीत हीच माहिती होती. पण वही कार्यालयात होती. इतरांस केवळ 'आरक्षित' एवढेच दिसावे. नाव कार्यालयास व द्वारपालास दिसावे. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मागील सूत्रही हेच आहे की, ज्या कामासाठी माहिती हवी तेवढीच घ्यावी आणि काम संपल्यावर ती ठेवू नये. खोलीसाठी जन्मतारीख, पत्ता व आधार क्रमांक मागणारे अर्ज विद्यार्थ्यांची पथके सवयीने तयार करतात. ते रकाने काढून टाकावेत.

मे महिन्यानंतर

पथकातील कामाची वाटणी कशीही असो, एक गोष्ट निश्चित असते. मे महिन्यात अंतिम वर्षाचे विद्यार्थी निघून जातात. जाताना अ‍ॅपचा परवलीचा शब्द एकाच्या खासगी खात्यात, भाड्याच्या संगणकाचे देयक दुसऱ्याच्या वडिलांच्या कार्डावर आणि आज्ञावली तिसऱ्याच्या लॅपटॉपवर, अशी स्थिती असेल तर जूनमध्ये नवे सत्र सुरू होताच अ‍ॅप बंद पडते आणि कार्यालय जुनी नोंदवही पुन्हा बाहेर काढते. यासाठी खाते आरंभापासून महाविद्यालयाच्या नावे असावे, आणि पहिल्या वर्षाचे दोन विद्यार्थी प्रारंभीच पथकात घ्यावेत.

कार्यालयातील लिपिकांनाही या काळात विश्वासात घेणे आवश्यक आहे. ज्यांनी वीस वर्षे ती वही सांभाळली, त्यांना अ‍ॅप म्हणजे आपल्यावरील अविश्वास वाटणे स्वाभाविक आहे. नियमांतील अपवाद कोठे आणि का करावे लागले, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक नसते. आरक्षण हाताने बदलण्याचा अधिकार अ‍ॅपमध्ये त्यांना राहावा. फक्त प्रत्येक बदलापुढे कारण लिहिणे बंधनकारक असावे, म्हणजे ते विद्यार्थ्यासही वाचता येईल.

राहता राहिला किल्ल्यांचा जुडगा. शिपायाने भ्रमणध्वनी पाहत खोल्या उघडाव्यात, ही अपेक्षा धरू नये; दोन्ही हात कुलपात आणि बादलीत गुंतलेले असतात. अ‍ॅपने दररोज सकाळी साडेसातला त्या दिवसाचा एक पानी तक्ता काढावा, मोठ्या देवनागरी अक्षरांत, खोलीच्या क्रमाने, आणि तो द्वारापाशी पाटीवर लावला जावा. दिवसभरात शिपाई त्यावर पेनाने खुणा करील: ही खोली उघडली, येथे कोणी आले नाही, येथील दिवा गेला. सायंकाळी त्या खुणा अ‍ॅपमध्ये भरण्याचे काम कोणी करावयाचे, हे हस्तांतरणाच्या कागदात व्यक्तीच्या नावाने न लिहिता पदाच्या नावाने लिहावे, आणि त्या पदावरील कर्मचारी रजेवर असेल तेव्हा ते कोणाकडे जाईल, तेही त्याच ओळीत लिहावे.